शंभरी पार केलेल्या आज्यांचे एक्सेस डेथ्स: सरासरीने काढले तर एक आकडा, दराने काढले तर दुसराच, कोणता धरू?

आकडेबहाद्दर_कोथरूड

नमस्कार मंडळी, डोकं खाणारा प्रश्न आहे, कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे सरका.

मी अ‍ॅक्चुरियलच्या (विमा-पेन्शनच्या जोखमीच्या गणिताच्या) परीक्षा देतोय आणि सराव म्हणून ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेसवरून (एचएमडी, देशोदेशींच्या मृत्यूंचे आकडे ठेवणारी साईट) इंग्लंड-वेल्सचा बायकांचा डेटा उतरवून घेतला, एकेका वयाचे मृत्यू आणि एकेका वयाची लोकसंख्या (फुकट आहे, फक्त रजिस्टर करावं लागतं). विचार असा होता की २०२० मध्ये ९० च्या पुढच्या आज्यांमध्ये नेहमीपेक्षा किती जास्त मृत्यू झाले ते स्वतःच काढून बघावं. पद्धत तीच जी त्या वर्षी सगळे न्यूज चॅनलवाले वापरत होते, २०१५ ते २०१९ या पाच वर्षांच्या मृत्यूंची सरासरी काढायची, २०२० च्या मृत्यूंमधून ती वजा करायची, उरेल ते जादा, म्हणजेच एक्सेस डेथ्स.

९० च्या आसपास सगळं सरळ वाटत होतं पण जसजसं वर जातो तसा आकडा वेडावाकडा व्हायला लागला आणि १०० च्या पुढच्या बायकांमध्ये तर जादा मृत्यूंची टक्केवारी एकदम उडाली. मग मी तेच गणित मृत्यूंऐवजी मृत्युदर घेऊन केलं, म्हणजे आधी लोकसंख्येने भागलं, तर तो फुगा बराच खाली बसला. आता दोन आकडे समोर आहेत आणि दोन्ही एकाच फाईलमधून आलेत.

तर कोणता धरायचा? आणि हा फरक इतका म्हाताऱ्या बायकांमध्येच एवढा का दिसतोय? जाता जाता, हेच आपल्या महाराष्ट्रासाठी करता येईल का, कोणी केलंय का?

खडूसकाका

फाईलही बरोबर आहे आणि तुझी वजाबाकीही बरोबर आहे. घोळ १९२० सालात आहे.

नीट बघ. पहिलं महायुद्ध संपलं नोव्हेंबर १९१८ ला, सैनिक घरी येईपर्यंत १९१९ उजाडलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. इंग्लंड-वेल्समध्ये १९१८ ला जन्म झाले ६,६२,६६१, १९१९ ला ६,९२,४३८ आणि १९२० ला ९,५७,७८२. एका वर्षात अडीच लाखांहून जास्त बाळं वाढली. त्यातल्या ज्या मुली तगल्या त्या २०१० साली नव्वदीच्या झाल्या आणि २०२० साली शंभरीच्या. म्हणजे बरोब्बर कोविडच्या साथीच्याच वर्षात. आणि तू ज्या २०१५-१९ शी तुलना करतोयस त्या वर्षांत शंभरी गाठणाऱ्या कोण होत्या, तर १९१५ ते १९१९ ला जन्मलेल्या, युद्धातल्या मुली, ज्या मुळातच कमी होत्या. तिथले शंभरीपार लोक मधल्या दोन-तीन वर्षांत थोडे घटलेसुद्धा होते ते याच कारणाने.

शाळेत एखादी तुकडी भलती मोठी असली की ती ज्या वर्षी दहावीला येते त्या वर्षी नापासांचा आकडाही मोठा दिसतो, त्यावरून मास्तर बिघडले असं म्हणता येत नाही, तसंच आहे हे. तुझी पाच वर्षांची सरासरी गेल्या पाच लहान तुकड्यांची आहे.

समजा म्हणून आकडे घे (हे खरे नाहीत, हिशेबापुरते). आधीच्या वर्षांत शंभरीपुढच्या ४,००० बायका आणि त्यातल्या दरवर्षी ३६ टक्के जातात, म्हणजे १,४४०. या वर्षी बायकाच ५,००० आहेत, तर साथ नसती तरी १,८०० गेल्या असत्या. प्रत्यक्षात गेल्या २,०००. सरासरीवाला म्हणणार ५६० जादा, दरवाला म्हणणार २००. मधल्या ३६० जणींचा साथीशी काही संबंध नाही, त्यांचं वय झालं होतं आणि त्या संख्येने जास्त होत्या एवढंच.

म्हणून दराचा आकडा धर. पण तिथेही एक खोच आहे, ९०+ असा एकच गठ्ठा करून दर काढू नकोस. तिथे बाईचा वर्षभरात मरण्याचा संभव ८५ ला साधारण ७ टक्के, ९० ला १३-१४, ९५ ला २३-२४ आणि १०० ला ३५ च्या पुढे जातो. ९० ची आणि १०० ची बाई एका गठ्ठ्यात टाकलीस तर गठ्ठ्यातली सरासरी वयं दरवर्षी सरकत राहतात आणि दर आपोआप हलतो, कारण ती १९२० ची मोठी तुकडी २०१५ ला ९५ ची होती आणि २०२० ला १०० ची. एकेक वय वेगळं धर, प्रत्येक वयाचा आधीच्या वर्षांवरून अपेक्षित दर काढ, त्याला २०२० च्या त्या वयाच्या लोकसंख्येने गुण आणि मग बेरीज मार.

आकडेबहाद्दर_कोथरूड

काका _/\_

हे डोक्यातच आलं नव्हतं, मी आपला साथ साथ करत बसलो आणि १०० वर्षांपूर्वीची बाळं मोजलीच नाहीत. म्हणजे मग पेपरात येणारे २०२० चे सगळेच आकडे असे फुगलेले होते का?

डेटा_आणि_डाळभात

सगळेच फुगलेले असं नाही, पण थोडे होते, आणि हे तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने, म्हणजे ओएनएसने स्वतःच नंतर बदललं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी पाच वर्षांच्या सरासरीची पद्धत सोडून वय, लिंग, विभाग वगैरे धरून लोकसंख्येवर आधारित मॉडेल आणलं. त्या मॉडेलप्रमाणे २०२० चे संपूर्ण यूकेचे जादा मृत्यू ८४,०६४ वरून ७६,४१२ वर आले. आणि २०२३ चे बघितलेस तर तोंडात बोट जाईल, ३१,४४२ वरून १०,९९४. म्हणजे २०२० मध्ये पद्धतीमुळे फरक दहा टक्क्यांच्या आतच होता कारण साथच तेवढी मोठी होती, पण २०२३ सारख्या तुलनेने शांत वर्षात जवळजवळ दोन तृतीयांश आकडा हा लोक वाढले आणि म्हातारे झाले याचाच निघाला. सोशल मीडियावर २०२३ च्या जुन्या आकड्यावरून केवढ्या थिअऱ्या शिजल्या होत्या ते आठवत असेलच.

आणखी एक, जुन्या पद्धतीत बेसलाईनची, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ती, वर्षंही बदलत होती. २०२१ साठी २०१५-१९ च ठेवली, २०२२ साठी २०१६ ते १९ अधिक २०२१, म्हणजे साथीचंच एक वर्ष बेसलाईनमध्ये घुसलं. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचे जुने आकडे एकाखाली एक लावून ग्राफ काढू नकोस.

नवीन मॉडेल क्वासी-पॉयसन नावाच्या सांख्यिकी पद्धतीचं आहे. पॉयसन का, तर मृत्यू मोजायचेत म्हणून, आणि क्वासी का, तर साधं पॉयसन म्हणतं की १,८०० अपेक्षित असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा म्हणजे ४२ च्या आसपास, पण म्हाताऱ्या बायकांमध्ये एखाद्या वर्षी फ्लू जोरात असतो (२०१४-१५ चा हिवाळा, २०१७-१८ चा हिवाळा) आणि एखाद्या वर्षी, जसं २०१९, फारसं काहीच होत नाही, त्यामुळे खरा चढउतार वर्गमुळापेक्षा बराच मोठा असतो, तो मॉडेलमध्ये धरावा लागतो. तू १०४, १०५ वयाच्या बायकांपर्यंत वेगळा हिशेब लावायला गेलास तर तिथे अपेक्षितच थोडे असतील, त्यात थोडं इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही, तेव्हा काढ एकेका वयाने पण सांगताना ९०-९४, ९५-९९, १००+ असं बेरजेत सांग.

लेस्टरची_सून

मी इकडे लेस्टरला केअर होममध्ये काम करते, स्टॅटिस्टिक्सचा गंध नाही पण धागा वाचून राहवलं नाही. काकांनी जे १९२० चं सांगितलं ते आम्हाला वेगळ्या वाटेने कळलं होतं. इथे शंभरावा वाढदिवस झाला की राजवाड्यातून कार्ड येतं, तेव्हा राणीचं यायचं, आणि २०२० च्या सुरुवातीला आमच्याकडच्या ताई म्हणायच्या की हल्ली शंभरीचे केक फारच कापायला लागतायत. तेव्हा योगायोग वाटला.

मग मार्च-एप्रिल आला. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ज्यांच्या खिडकीत फुगे लावले होते त्यातल्या काही जणी त्याच वसंतात गेल्या, घरचे लोक काचेबाहेर उभे.

मला एवढंच विचारायचंय की इथे केअर होममध्ये ज्या असतात त्यात बायकाच जास्त, नव्वदीपुढे पुरुष थोडेच उरतात. तर बायकांचा आकडा वेगळा काढण्यामागे हेच कारण का?

खडूसकाका

हो सूनबाई, तेच मुख्य कारण. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत शंभरीपार लोक होते १३,९२४, त्यात बायका ११,२८८ आणि पुरुष २,६३६. चारास एक. स्त्री-पुरुष एकत्र करून दर काढला तर तो बायकांचाच दर असतो आणि पुरुषांचं काय झालं ते दिसतच नाही, शिवाय पुरुषांचं आयुष्य गेल्या काही दशकांत बायकांपेक्षा वेगाने वाढलंय त्यामुळे एकत्र गठ्ठ्यातलं प्रमाणही सरकतं.

तू वाढदिवसाच्या केकचं म्हणालीस ते मात्र लाखमोलाचं आहे, बहाद्दर लक्ष दे. १९१९ च्या शेवटी जन्म वाढायला लागले आणि १९२० च्या पहिल्या सहामाहीत जोरात होते. म्हणजे शंभरीच्या बायकांची संख्या २०२० मध्ये महिन्यागणिक वाढत होती, आणि पहिल्या लाटेचं शिखर एप्रिल २०२० चं. लोकसंख्येचा सरकारी अंदाज असतो ३० जूनचा. त्या दिवशी जी बाई १०० ची ती जन्मली जुलै १९१९ ते जून १९२० मध्ये. आधीच्या वर्षीच्या ३० जूनला जी १०० ची ती जुलै १९१८ ते जून १९१९ मधली. या दोन बारा महिन्यांत जन्मांचा केवढा फरक आहे बघ. ३० जूनचा आकडा घेऊन जानेवारीचे मृत्यू भागलेस तर भागाकार खोटा येणार, कारण जानेवारीच्या सुरुवातीला त्यातल्या निम्म्याहून जास्त अजून ९९ च्याच होत्या. विमा कंपन्यांच्या लोकांना हा १९१९ चा घोटाळा जुनाच माहीत आहे, कित्येक वर्षं त्या जन्मसालाच्या लोकांचा मृत्युदर शेजारच्या सालांपेक्षा विचित्र दिसायचा आणि लोक त्याला खाणंपिणं, युद्ध, फ्लू अशी कारणं चिकटवायचे, नंतर कळलं की बऱ्याच अंशी जन्म वर्षभर सारखे पसरलेले नव्हते हेच कारण. एचएमडीने पुढे महिनावार जन्म धरून आपली पद्धत सुधारली, म्हणून तू तिथलंच एक्स्पोजर (त्या वयात वर्षभरात जगलेली एकूण माणूस-वर्षं) वापर, ३० जूनची लोकसंख्या उचलून आणू नकोस.

स्पष्टवक्ता७७

राग मानू नका पण एक विचारू का. शंभर वर्षांची बाई तशीही जाणारच होती ना. दोनचार महिने इकडे की तिकडे. त्यावर एवढं मॉडेल कशाला? जादा मृत्यू मोजायचेच तर चाळिशीतल्यांचे मोजा.

डेटा_आणि_डाळभात

राग कशाला, हा प्रश्न खरंच अभ्यासातला आहे, फक्त उत्तर तुम्ही आधीच धरून चाललाय. तिथे नव्वदीच्या बाईला सरासरी अजून साधारण साडेचार वर्षं असतात आणि शंभरीच्या बाईलासुद्धा दोनेक. जी गेली ती नेमकी महिनाभरात जाणारीच होती असं धरायला आधार लागतो.

आणि हे मोजता येतं. साथीनंतरच्या महिन्यांत मृत्यू अपेक्षेपेक्षा खाली गेले तर त्यातले काही पुढचे मृत्यू अलीकडे ओढले गेले होते असं म्हणता येतं. फ्रान्सचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २००३ ची उष्णतेची लाट, १ ते २० ऑगस्ट या वीस दिवसांत जवळपास १५,००० जादा मृत्यू, अपेक्षेपेक्षा ६० टक्के वर, त्यात मुख्यतः ७५ च्या पुढचे आणि त्या वयातही पुरुषांपेक्षा बायकांना फटका जास्त. तेव्हाही हेच म्हटलं गेलं, दोनचार आठवडे अलीकडे आले एवढंच. पण तसं असतं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मृत्यूंना मोठा खड्डा पडायला हवा होता, तो तसा पडला नाही. पुढच्या वर्षी मात्र मृत्यू खूपच कमी झाले, २००३ ला साडेपाच लाख आणि २००४ ला पाच लाख दहा हजारांच्या आत, पण ती घट लाटेतल्या जादा मृत्यूंच्या कितीतरी जास्त आहे, म्हणजे ती फक्त त्या आज्यांमुळे नाही, हिवाळा सौम्य, म्हाताऱ्यांकडे लक्ष देणं वाढलं, बरंच काही.

आणि बहाद्दर, गंमत बघ, २००३ ला फ्रान्समध्ये ८४ ते ८८ वयाचे लोक म्हणजे १९१५-१९ चे. तिथे तर युद्धात जन्म इंग्लंडपेक्षाही जास्त कोसळले होते. त्यामुळे तिथे उलटा धोका, त्या वयाचे मृत्यू नुसते आधीच्या वर्षांच्या सरासरीशी ताडले तर जादा मृत्यू कमी दिसणार. मोठी तुकडी आली की आकडा फुगतो, छोटी आली की लपतो.

स्पष्टवक्ता७७

खड्ड्याचा मुद्दा पटला. चाळिशीचा माझा मुद्दा मी सोडत नाही.

जिल्हा_रुग्णालय_कारकून

महाराष्ट्राचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. नोंदणीच्या कामात हयात गेली.

नव्वदीपुढचं एकेका वयाचं गणित आपल्याकडे विसरा. वैद्यकीय कारणासह मृत्यूंचे जे तक्ते दरवर्षी निघतात त्यात शेवटचा रकाना ७० व त्यावरील, ७१ ची बाई आणि १०१ ची बाई एकाच ओळीत. नमुना नोंदणीतसुद्धा (ठराविक निवडक भागांत होणारी जन्म-मृत्यूंची पाहणी) ८५ च्या पुढे सगळं एकत्र. आणि वय सांगणार कोण. आमच्याकडे मृत्यूची नोंद करायला येणारा मुलगा किंवा नातू सांगतो ८० असेल, ८५ असेल, ९० असेल. ८३ किंवा ८७ कोणी सांगत नाही. आमच्या लहानपणी आज्या सांगायच्या, मानमोडीच्या साथीत मी पाळण्यात होते, म्हणजे १९१८ धरायचं, बस. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरीपार लोक सहा लाखांहून जास्त निघाले. ब्रिटनशी लोकसंख्येच्या प्रमाणात तुलना करून बघा, एवढे शंभरीचे लोक आपल्याकडे असणं शक्य आहे का तुम्हीच सांगा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्माची नोंद १८३७ पासून आहे, शंभर म्हणजे शंभर.

एकूण मृत्यूंचं गणित मात्र जमतं. देशात नोंदलेले मृत्यू २०१९ ला ७६.४ लाख, २०२० ला ८१.२ लाख, २०२१ ला १०२ लाखांच्या वर. पण इथे तुमच्या लोकसंख्येच्या भानगडीशिवाय आणखी एक भानगड, ती म्हणजे नोंद होण्याचं प्रमाणच वर्षागणिक वाढत होतं, त्यामुळे वाढलेल्यातले किती खरे वाढले आणि किती फक्त नोंदले गेले हे आधी सोडवावं लागतं. म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत तर जास्तच, कारण नावावर जमीन नाही, पेन्शन नाही, विमा नाही, तर दाखला काढायला कोण धावतंय. पुरुष गेला की सातबारासाठी तरी येतात.

आकडेबहाद्दर_कोथरूड

सातबाऱ्याचं वाचून गप्प झालो साहेब. म्हणजे महाराष्ट्राचा नाद सोडतो, निदान या वयापुरता.

काका, शेवटचं एक. एकेका वयाने केलं, एचएमडीचं एक्स्पोजर घेतलं, आता २०२१ साठी पुढे चालवायचंय. २०२० मध्ये ज्या गेल्या त्या २०२१ च्या लोकसंख्येतून वजा झालेल्याच आहेत. मग अपेक्षित मृत्यू त्या उरलेल्यांवर काढायचे की साथ आलीच नसती तर जेवढ्या असत्या तेवढ्यांवर?

खडूसकाका

प्रश्न काय विचारतोस त्यावर आहे. २०२१ मध्ये जिवंत असलेल्यांना त्या वर्षी जादा धोका होता का, असं विचारायचं असेल तर उरलेल्यांवर काढ. दोन वर्षांत मिळून साथीने किती नेल्या असं विचारायचं असेल तर २०२० च्या सुरुवातीची लोकसंख्या घेऊन ती साथ नसल्यासारखी पुढे चालव आणि दोन्ही वर्षांचा हिशेब एकत्र कर. हा दुसरा आकडा २०२० चे जादा आणि पहिल्या पद्धतीने काढलेले २०२१ चे जादा यांच्या बेरजेपेक्षा कमी येईल, दचकू नकोस, कारण ज्या २०२० ला गेल्या त्यातल्या काही २०२१ ला गेल्याच असत्या, त्या अपेक्षितमध्ये जमा होतात. इतक्या वरच्या वयात हा फरक लक्षात येण्याएवढा असतो, तिशीच्या लोकांत तो दिसणारही नाही.

आणि एक सावधगिरी, ९० च्या पुढच्या लोकसंख्येचे आकडे थेट डोकी मोजून आलेले नसतात. ज्या जन्मसालातल्या सगळ्या बायका वारल्या आहेत त्यांचं सोपं आहे, सगळे मृत्यू मागे मागे मिळवत गेलं की ९० ला किती होत्या ते कळतं. पण ज्या अजून हयात आहेत त्यांची संख्या अलीकडच्या मृत्यूंवरून अंदाजाने बांधतात, आधीच्या तुकड्यांत इतक्या मृत्यूंमागे इतक्या उरायच्या तर आताही तेवढ्याच उरल्या असतील असं धरून. साथीच्या वर्षी मृत्यूच उसळले की ती पद्धत समजते की अरे बायकाच जास्त होत्या वाटतं. मग भाजक फुगतो आणि दर दबतो. यासाठी एकूण ९०+ च्या आकड्याला ते बांधून घेतात, पण आतली वाटणी तरीही हलू शकते. २०२१ च्या जनगणनेनंतर मागची वर्षं सुधारली गेली आहेत, तेव्हा तुझी फाईल कधी उतरवलीस ते बघ. जुनी असेल तर परत उतरव आणि फाईलच्या नावातच तारीख टाक. २०२० लीप वर्ष होतं आणि आठवड्याच्या डेटात ५३ वा आठवडाही होता, तेही राहिलंच सांगायचं. शिवाय ते साप्ताहिक आकडे नोंदणीच्या तारखेचे असतात, ईस्टरच्या सुट्टीत कचेऱ्या बंद असल्या की एक आठवडा खाली आणि पुढचा वर दिसतो, एप्रिल २०२० मध्ये नेमकं ईस्टर आहे.

शीट टाक इथे, रात्री बघतो.